लोक का खातात, हे जाणून घ्यायचे असेल तर आहारतज्ज्ञ व्हावे का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहात, रसायनशास्त्र तुमचा मुख्य विषय आहे आणि पुढे आहारशास्त्राकडे जावे असे तुमच्या मनात आहे. घरचे म्हणतात की डाएट चार्ट लिहून देणे हे काही शिक्षण नव्हे, ते आता मोबाईलवर फुकट मिळतात. तुम्ही स्वतः लिहिता की कॅलरी मोजण्यापेक्षा माणसे जे खातात ते का खातात, आणि चुकते आहे हे कळूनही का बदलत नाहीत, याचे तुम्हाला अधिक कुतूहल आहे. म्हणून तुम्ही विचारता की या कुतूहलाला आहारतज्ज्ञाच्या कामात जागा आहे का, की सरळ मानसशास्त्र घ्यावे.

मी सोलापुरात तेवीस वर्षे आहारतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे. त्यातली पहिली नऊ वर्षे एका रुग्णालयात पूर्णवेळ गेली. त्यानंतर स्वतःचे सल्लाकेंद्र आणि आठवड्यातून दोन दिवस डायलिसिसचे रुग्ण असा माझा क्रम आहे. तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. कोणती पदवी घ्यावी हा वरवरचा प्रश्न झाला. त्याच्याखाली खरा प्रश्न असा आहे की, असे कुतूहल घेऊन या व्यवसायात आलेल्या माणसाची इथे निराशा होईल की त्याचे काम त्यामुळे अधिक चांगले होईल. माझे मत असे की हे कुतूहल म्हणजे या व्यवसायाचा निम्मा भाग आहे. तो निम्मा भाग अभ्यासक्रमात फारसा शिकवला जात नाही. आणि उरलेला निम्मा, म्हणजे जीवरसायन, शरीरक्रिया आणि रोगानुसार आहार, पक्का झाल्याशिवाय पहिल्याचा रुग्णाला उपयोग होत नाही.

यात बरेच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे हेही आधीच सांगते. दोन वर्षे पुण्या-मुंबईला राहण्याचा खर्च घर पेलू शकते का, सुरुवातीची काही वर्षे कमी पगारावर निभावेल का, वॉर्डातला वास, नळीतून अन्न घेणारे रुग्ण आणि त्यांचे थकलेले नातेवाईक यांच्यामध्ये रोज उभे राहणे तुम्हाला जमेल का, हे मला दुरून कळणार नाही. मी माझ्या कामातून जे शिकले तेवढे सांगू शकते.

नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे एक छापील तक्ता होता. सकाळी 7 वाजता चहा, 8 वाजता नाश्ता, 11 वाजता फळ, 1 वाजता जेवण, असा तो दिवसभराचा हिशेब होता. पहिल्याच वर्षी यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ मधुमेहासाठी आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक. मी त्यांना 1500 कॅलरींचा तक्ता समजावून दिला, त्यांनी मान डोलावली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. तीन महिन्यांनी त्यांची उपाशीपोटीची साखर होती तिथेच होती. मी त्यांना म्हणाले, "तुम्ही पथ्य पाळत नाही." ज्या स्वरात म्हणाले त्याचे मला आजही वाईट वाटते. ते काही बोलले नाहीत. बोलल्या त्यांच्या पत्नी: मालक रातपाळीला असतात, रात्री आठला कारखान्यात जातात आणि सकाळी आठला येऊन झोपतात. माझ्या तक्त्यातला नाश्ता, फळ आणि दुपारचे जेवण हे सगळे त्यांच्या झोपेत येऊन जात होते.

मग मी त्यांच्याकडून रात्र समजून घेतली. रात्री, विशेषतः तीनच्या सुमारास, डोळे मिटू लागले की ते चहा आणि खारी घेत, आणि पाळीत असे तीन वेळा तरी होई. त्या वेळी त्यांना भूक लागलेली नसे. डोळा लागला तर धागा तुटल्याचे कळत नाही, कापडात दोष राहतो आणि मजुरीतून पैसे कापले जातात; गोड चहा हा त्यांचा जागे राहण्याचा उपाय होता. शिवाय ते जाड नव्हते, त्यामुळे आपले खाणे चुकत असेल हे त्यांना पटतही नव्हते. आम्ही मिळून दिवस उलटा मांडला. कामावर जाण्यापूर्वी भाकरी, डाळ आणि भाजीचे पूर्ण जेवण, मध्यरात्री शेंगा चटणीसोबत अर्धी कडक भाकरी, आणि तीनच्या चहात साखर निम्मी करून खारीच्या जागी मूठभर फुटाणे, असे ठरले. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळही बदलून घेतली, कारण जेवण हलवले आणि गोळी जागच्या जागी ठेवली तर साखर अचानक खाली जाण्याचा धोका असतो. पुढच्या सहा महिन्यांत साखर हळूहळू उतरली. तो छापील तक्ता मी नंतर कुणाला दिला नाही.

घरचे जे म्हणतात त्याला माझे उत्तर इथेच आहे. मोबाईलवरचा तक्ता आणि माझा पहिल्या वर्षीचा तक्ता यांत काही फरक नव्हता, आणि दोन्ही त्या गृहस्थांच्या कामाचे नव्हते.

विद्यार्थ्यांना शिकवताना मी सर्वांत जास्त वेळ आहाराची माहिती कशी घ्यावी यावर घालवते. मागच्या चोवीस तासांत काय काय खाल्ले हे क्रमाने विचारायचे, अशी सर्वमान्य पद्धत आहे. पुस्तकात ती सोपी दिसते. सोलापुरात मात्र मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे रुग्ण एकाच सकाळी येतात, आणि 'खाणे' या शब्दात काय धरायचे हे प्रत्येक घरात वेगळे असते. मराठी घरातली बाई "सकाळपासून काही खाल्लं नाही" असे सांगते तेव्हा तिने तीन वेळा चहा, त्याबरोबर दोन बटर आणि मुलाच्या डब्यातून परत आलेले पोहे घेतलेले असू शकतात. तिच्या लेखी ताट वाढून घेऊन बसणे म्हणजे जेवण, बाकीचे नुसते तोंडात टाकलेले. तेलुगू बोलणाऱ्या घरांत "जेवलात का" हे "अन्नम तिन्नारा" असे विचारतात आणि त्यातला अन्नम म्हणजे भात. तेव्हा दोन भाकऱ्या खाल्लेला माणूसही अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणू शकतो. कन्नडमध्ये 'ऊट' म्हणजे जेवण, आणि 'तिंडी' म्हणजे नाश्त्याचे किंवा मधल्या वेळचे खाणे. ऊट विचारला तर तिंडी सांगितली जात नाही, तिच्याबद्दल वेगळे विचारावे लागते. रुग्ण खोटे सांगतात अशी तक्रार करणारे सहकारी मी पाहिले आहेत. माझ्या अनुभवात जाणूनबुजून खोटे सांगणारे फार थोडे असतात; आपला प्रश्न आणि त्यांचा शब्द जुळलेला नसतो एवढेच. आमच्या सल्लाकेंद्रात म्हणून सुरुवात "काय खाल्ले" अशी होत नाही. उठल्यापासून काय काय घडले ते सांगा, असे आम्ही म्हणतो, आणि त्या दिवसाच्या गोष्टीत खाणे आपोआप येते.

याचे सर्वांत मोठे शिक्षण मला एका आजींकडून मिळाले. त्या मूळच्या सांगोला तालुक्यातल्या. शहरातल्या जुळे सोलापूर या भागात मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांना मधुमेह होता, औषधे वेळेवर चालू होती, आणि तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर दोन तपासण्यांत जराही कमी झाली नाही. सूनबाई रडकुंडीला आल्या होत्या, कारण आजींचे ताट त्या स्वतः वाढत आणि ते अगदी मापात असे: एक भाकरी, वाटीभर पालेभाजी, डाळ, ताक. मी दोन वेळा त्या ताटाचा हिशेब तपासला, त्यात काही चूक सापडली नाही. तिसऱ्या वेळी मी सहज विचारले की जेवण झाल्यावर घरातली ताटे कोण उचलते. आजी म्हणाल्या, "मीच उचलते की."

दोन नातवंडांच्या ताटात जे उरे ते त्या खात होत्या. कधी अर्धी पोळी, कधी वरणभात, कधी बिस्किटे, कधी वाढदिवसाचा केक. त्याला त्या खाणे म्हणत नव्हत्या, आवरणे म्हणत होत्या. मी विचारले, "टाकून का देत नाही?" तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग 1972 च्या दुष्काळाचे सांगू लागल्या. त्या वेळी त्यांचे लग्न झालेले होते, पदरात लहान मूल होते, आणि त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर मिळालेली सुकडी त्या पदराला बांधून घरी आणत. रेशनवर लाल मिलो मिळे, तिची भाकरी थापताना फाटे आणि मुले ती खाताना तोंड फिरवीत. हे सगळे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ताटातलं टाकायला हात उचलत नाही, बाई."

हे ऐकल्यावर उष्टे खाऊ नका असे त्यांना सांगणे मला शक्य नव्हते, आणि सांगितले असते तरी त्याचा उपयोग झाला नसता. ज्या सवयीने त्यांनी मुले जगवली तीच आता त्यांना आजारी पाडत होती. तिच्यावर आघात न करता काहीतरी करायला हवे होते. मी सूनबाईंना एवढेच सांगितले की मुलांना पहिल्यांदा निम्मेच वाढा आणि मागितले की पुन्हा वाढा. ताटात उरणारे अन्न भांड्यात उरू लागले, आणि भांड्यातले अन्न उष्टे नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी फोडणीची पोळी किंवा भाकरीचा कुस्करा म्हणून घरातल्या सगळ्यांमध्ये वाटले जाऊ लागले. तरीही जे थोडे ताटात राही ते गल्लीतल्या गायीला घालण्याचे काम आजींनी आपण होऊन घेतले. अन्न वाया जात नव्हते, त्यामुळे त्यांच्या मनाला काही टोचत नव्हते. पुढच्या तपासणीत साखर खाली आली होती. त्यांच्या स्वतःच्या ताटात मी एका कणाचाही बदल केला नव्हता.

तुम्हाला ज्याचे कुतूहल आहे ते हेच. आता दुसऱ्या निम्म्या भागाकडे वळते, कारण त्याच्याकडे दुर्लक्ष झाले तर नुकसान होते.

डायलिसिसच्या एका रुग्णाचा मुलगा रोज कामावरून येताना वडिलांसाठी शहाळे आणत असे. सलाईन लावलेल्या माणसाला शहाळ्याने शक्ती येते असे त्याला लहानपणापासून ठाऊक होते, आणि इतर अनेक आजारांत त्यात काही वावगे नाही. परंतु शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. निकामी झालेली मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नाहीत, रक्तातले त्याचे प्रमाण वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. हे रसायन मला ठाऊक नसते आणि फक्त माणसाचे मन समजत असते, तर मी त्या मुलाच्या मायेचे कौतुक करून गप्प बसले असते. मला ते ठाऊक होते म्हणून शहाळे त्याच दिवशी थांबवले. पण थांबवून भागत नाही, हे मला आजींच्या प्रसंगाने शिकवले होते. त्या मुलाला वडिलांसाठी रोज हातात काहीतरी घेऊन यायचे होते. डायलिसिसमध्ये प्रथिने कमी पडतात, त्यामुळे अशा रुग्णाला त्यांची गरज वाढलेली असते. त्यांच्या घरात अंडी चालत होती, म्हणून उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग आणायला मी सांगितले. त्याच्या आईला भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून द्यायला शिकवले, म्हणजे भाजीतले पोटॅशियम बरेच कमी होते. तिला हे पचायला वेळ लागला, कारण भाजीचे पाणी टाकणे म्हणजे सत्त्व टाकणे असे तिच्या सासूने तिला शिकवले होते, आणि निरोगी माणसासाठी ती सासू बरोबरच होती.

एकच पदार्थ एका माणसाला औषध आणि दुसऱ्याला अपाय कसा होतो, हे सोलापूरच्या ताटावर फार चांगले शिकता येते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 24 ते 25 ग्रॅम प्रथिने असतात, तेव्हा भाकरी आणि शेंगा चटणी हे कष्टकरी माणसाचे उत्तम जेवण आहे. ज्वारीत चोथाही भरपूर असतो. तीच चटणी मूत्रपिंडाच्या रुग्णाला मोजून द्यावी लागते, आणि त्यातले मीठ रक्तदाबाच्या रुग्णासाठी कमी करावे लागते. यंत्रमागावरचे ते काटक गृहस्थ "मी जाड नाही, मला मधुमेह कसा?" असे विचारत होते. त्यांना उत्तर देता आले ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामामुळे. पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांच्या पोषणाचा त्यांचा अभ्यास 1993 मध्ये सुरू झाला. तिथली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी आणि दिसायला बारीक असूनही त्यांच्या अंगात त्या मानाने चरबी अधिक असते, असे त्यातून दिसले. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का होतो, हे समजायला या अभ्यासाने मोठी मदत केली. हे त्या गृहस्थांना सोप्या शब्दांत सांगितले, त्यानंतरच त्यांनी आमच्या नव्या आखणीकडे नीट पाहिले.

लोक का खातात हा प्रश्न शास्त्राच्या बाहेरचा आहे, असा समज मात्र करून घेऊ नका. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांवर, त्यांच्या संमतीने, उपासमारीचा प्रयोग केला. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला साधारण 1570 कॅलरी दिल्या गेल्या आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. ते दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, स्वयंपाकाची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटू लागले. आणि पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यापैकी काही जण प्रचंड खाऊनही भूक भागत नाही असे सांगत राहिले. लग्न दोन महिन्यांवर आले की 1200 कॅलरींवर राहणाऱ्या आणि रात्री उठून फरसाणाचा डबा संपवणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, आणि "माझा मनावर ताबा नाही" असे म्हणून रडतात. त्यांना मी हा प्रयोग सांगते. पुढे 1994 मध्ये भूक कमी करणारे लेप्टिन आणि 1999 मध्ये भूक वाढवणारे घ्रेलिन ही संप्रेरके सापडली आणि भूक शरीरात कशी चालवली जाते हे अधिक स्पष्ट झाले. मनावर ताबा नाही हे कारण मी रुग्णाच्या कागदावर कधीही लिहीत नाही. शरीर कमी अन्नाला उत्तर देत असते. कधी कारण पदार्थातही असते: 2019 मध्ये अमेरिकेतील संशोधक केविन हॉल यांनी 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले, म्हणजे कारखान्यात तयार झालेले, आणि दोन आठवडे साधे अन्न दिले, दोन्हींत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, स्निग्धांश आणि चोथा सारखे होते, तरीही पहिल्या प्रकारात लोकांनी दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाल्ल्या.

माझ्या कामाला सर्वांत जास्त वळण मात्र मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या प्रयोगाने दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती, आणि प्राण्यांचे हृदय, मूत्रपिंड असे सहसा न खाल्ले जाणारे भाग गृहिणींनी रांधावेत अशी सरकारची इच्छा होती. काही गटांसाठी लेविन यांनी चांगले व्याख्यान ठेवले, काहींना आपसात चर्चा करून ठरवायला सांगितले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के स्त्रियांनी नवा पदार्थ केला, चर्चा केलेल्यांपैकी 32 टक्क्यांनी. मी हे वाचले तेव्हा बिड्या वळणाऱ्या महिलांच्या वस्तीत दर महिन्याला रक्तक्षयावर व्याख्यान देत होते. पालेभाजी, गूळ, लोहाच्या गोळ्या, सगळे सांगून व्हायचे, बायका शांतपणे ऐकायच्या आणि पुढच्या महिन्यात हिमोग्लोबिन तेवढेच असायचे.

मग मी बोलणे थांबवले आणि दिवस कसा जातो एवढे विचारले. पहाटे मशेरी लावली की भूक मरते. हजार बिड्यांवर मजुरी, म्हणून हजार पूर्ण होईपर्यंत उठवत नाही, आणि मधली भूक चहावर भागवली जाते. गोळी घ्यायची लक्षात राहावी म्हणून ती चहाच्या कपाशेजारी ठेवलेली असते आणि चहाबरोबरच घेतली जाते. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषले जात नाही, हे मी अनेकदा सांगितले होते, पण गोळी आणि चहा त्यांच्या दिवसात एकाच जागी आहेत हे मला ठाऊक नव्हते. उपाय त्यांनीच काढला. रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यात शेवटी बाई भांडी घासून उठते, तेव्हा चहा नसतो. गोळी तिथे, मोरीजवळच्या फळीवर ठेवायची, आणि जेवणात लिंबू पिळायचे. एक जण म्हणाली की शेजारणीने शेजारणीला विचारायचे, घेतली का. मशेरी सगळ्यांची सुटली नाही. काहींची सुटली, आणि त्यांची सकाळची भूक परत आली. हिमोग्लोबिन वाढलेल्या बायका त्या वस्तीत मला पहिल्यांदा दिसल्या त्या या बैठकांनंतर.

मानसशास्त्र की आहारशास्त्र, याचे उत्तर मी असे देईन. माणसाच्या मनातले सगळेच तुम्हाला ओढत असेल, खाणे हा त्यातला एक विषय असेल, तर मानसशास्त्र घ्या. तुमचे लक्ष पुन्हा पुन्हा ताटाकडेच जात असेल तर आहारशास्त्र घ्या. संवादाची कौशल्ये, उदाहरणार्थ मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली, माणसाला बदलाची कारणे स्वतःच शोधायला लावणारी मुलाखतीची पद्धत (मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग), नंतर प्रशिक्षण घेऊन शिकता येतात, पण रसायनाचा पाया नंतर घालणे फार अवघड जाते. तुमच्याकडे तो आधीच आहे. एक मर्यादा मात्र पाळावी लागेल. जेवून मुद्दाम उलट्या करणारी किंवा अन्न पूर्ण सोडलेली मुलगी समोर आली तर ती एकट्या आहारतज्ज्ञाची रुग्ण नव्हे. मी अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते आणि त्यांच्यासोबत काम करते.

शिक्षणाचे थोडक्यात सांगते. आहार व पोषण या विषयात एम.एस्सी. किंवा आहारशास्त्रातली पदव्युत्तर पदविका, त्यानंतर रुग्णालयात प्रशिक्षण, आणि मग भारतीय आहारशास्त्र संघटनेची, म्हणजे 1963 पासून चालू असलेल्या इंडियन डायटेटिक असोसिएशनची, नोंदणीकृत आहारतज्ज्ञासाठीची परीक्षा, असा मार्ग आहे. रसायनशास्त्राच्या पदवीवर प्रवेश मिळेल का हे प्रत्येक विद्यापीठात वेगळे असते, म्हणून एसएनडीटी महिला विद्यापीठासह दोन-तीन ठिकाणच्या पात्रतेच्या अटी स्वतः वाचा. जिथे रुग्णालयातले प्रशिक्षण खरोखर वॉर्डात होते तिथेच प्रवेश घ्या. सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या 2021 च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांना आरोग्यसेवा व्यवसायांच्या यादीत स्थान मिळाले आहे, त्यामुळे पात्रतेला पुढे अधिक महत्त्व येईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे भारतीय अन्नघटकांचे कोष्टक आणि 2024 ची आहार मार्गदर्शक तत्त्वे मात्र आतापासूनच चाळायला लागा.

पैशाबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवे. सुरुवातीचा पगार तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी असेल, आणि स्वतःचे केंद्र स्थिरावायला मला चार वर्षे लागली. त्या काळात पावडरींचे डबे विकण्याचे, त्यावर वाटा देण्याचे प्रस्ताव येतील. मी ते घेतले नाहीत, कारण ज्याला डबा विकायचा आहे त्याला रुग्ण का खातो हे ऐकून घेण्याची गरजच उरत नाही. सोलापूरचा एक फायदा असा की धाराशिव, लातूर, विजयपुरा, कलबुर्गी इतक्या दुरून रुग्ण इथे येतात, त्यामुळे अनुभव लवकर साठतो. त्यासाठी कन्नड आणि तेलुगू कामापुरती तरी शिकून घ्या. पदार्थांची नावे, घरातल्या नात्यांची नावे आणि वेळेचे शब्द एवढ्याने सुरुवात होते.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक गोष्ट करून पाहा, मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला ती करायला लावते. एक वही घ्या आणि सात दिवस स्वतःच्या घरात कोण, किती वाजता, काय खातो ते लिहा. त्यापुढे ते कोणी वाढले, खाण्याच्या आधी काय चालले होते, आणि जे उरले त्याचे काय झाले, हेही लिहा. सगळ्यांत शेवटी कोण जेवते याची नोंद वेगळी ठेवा. या सात दिवसांत घरात कोणालाही आहाराचा सल्ला देऊ नका, कारण सल्ला दिला की माणसे तुमच्यासमोर वेगळे खाऊ लागतात. आठव्या दिवशी ती वही वाचताना तुम्हाला पुढचा प्रश्न विचारावासा वाटला, तर मला पुन्हा लिहा. कोणत्या रुग्णालयात महिनाभर येऊन काम पाहता येईल ते मी सांगेन.